सही न करणाऱ्याबद्दल

पुणे
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. फोन सोडून चार पानं लिहिलीस, तेव्हाच कळलं की वहिनींच्या देखत बोलता येईना.

तर चिरंजीवांनी सही केली नाही. तू लिहिलेलं ते मी दोनदा वाचलं. स्लॅब ओतला त्या दिवशी क्यूब, म्हणजे २८ दिवसांनी फोडून ताकद बघायचे काँक्रीटचे ठोकळे, भरलेच नव्हते, आणि बिलाला रिपोर्ट जोडायची वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले, आकडे टाक आणि सही कर. पोरगा म्हणाला, भरलेच नाहीत तर फोडले कुठले? महिनाअखेरीला नोकरी गेली. फ्लॅटचा हप्ता चालू, लग्नाची बोलणी चालू. तू विचारतोस, 'हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं कुठून? आपल्या घरात असं कुणीच नाही.' आणि शेवटी हुकूम सोडलास, की तू त्याचा काका, तूच समजाव.

मला ते जमायचं नाही. का, ते सांगतो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

मी स्टोअर्सला होतो तेव्हाची गोष्ट. तांब्याच्या केबलचं एक बंडल गेलं. एका कंत्राटी हेल्परवर आळ आला. खात्यांतर्गत चौकशी लागली, आम्ही तिघं. एक पर्सोनेलचे साहेब, एक मी, आणि एक ड्रॉइंग ऑफिसातला गृहस्थ. हा गृहस्थ म्हणजे अगदी गरीब गाय. युनियनच्या सभेत कधी तोंड उघडलं नाही, मॅनेजर जिन्यात दिसला तर भिंतीला चिकटून उभा राहणार. निकाल आधीच टाइप होऊन आला होता, 'आरोप सिद्ध'. साहेबांनी सही केली, कागद माझ्याकडे सरकवला. मी केली. वाचलंसुद्धा नाही नीट. पूजेला बसलेल्या यजमानाला गुरुजी 'मम म्हणा' म्हणतात आणि तो म्हणतो, तसं मी 'मम' म्हटलं.

कागद त्याच्याकडे गेला. त्यानं चष्मा पुसला आणि हळूच म्हणाला, 'साहेब, मी गेटचं रजिस्टर बघितलंय. माल गेला पहिल्या पाळीत. हा आत आला पावणेतीनला.' साहेब म्हणाले, ती तांत्रिक बाब आहे. तो म्हणाला, 'बघितलं नसतं तर केली असती सही. आता बघितलंय ना.' बस. आवाज चढला नाही, टेबलावर मूठ आपटली नाही. उलट चेहरा असा कसनुसा, जणू त्याचीच चोरी पकडली गेलीय.

मला नंतर कळलं, चौकशीच्या आधी तो बाहेर बाकावर त्या हेल्परशेजारी बसून चहा प्यायला होता. मी त्याच बाकावरून आत गेलो होतो. पोरानं चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या, देवळात काढतात तशा. त्या ओलांडून मी गेलो. त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. ठरवूनच बघितलं नाही, खोटं कशाला बोलू.

दोन विरुद्ध एक. हेल्पर गेला. गृहस्थाची बदली लांबच्या डेपोत झाली.

निवृत्तीनंतर वेळच वेळ, तेव्हा या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम म्हणून मानसशास्त्रज्ञ होता. १९६१ मध्ये त्यानं साध्या माणसांना बोलावून एका यंत्रापुढे बसवलं. ३० खटके, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत. पलीकडचा माणूस उत्तर चुकला की पुढचा खटका दाबायचा. शॉक खोटे होते, पण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. शेजारी करड्या कोटातला एक इसम उभा, तो फक्त म्हणायचा, 'पुढे चालू ठेवा.' ४० पैकी २६ जण पार ४५० पर्यंत गेले. हा आकडा सगळे सांगतात. मी मात्र पुढच्या आकड्यांशी अडलो. पलीकडचा माणूस भिंतीआड होता तेव्हा २६. त्याला त्याच खोलीत आणून बसवलं तेव्हा १६. त्याचा हात धरून शॉकच्या पट्टीवर दाबायला सांगितलं तेव्हा १२. माणसं तशीच, कोटवाला तसाच. भिंत तेवढी नाहीशी झाली.

मला आमचा बाक आठवला.

आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त लागला. एका प्रकारात खटके दाबणाऱ्याच्या जोडीला आणखी दोघं बसवले होते, मिलग्रॅमचेच पढवलेले. ते ठरल्याप्रमाणे एकामागून एक उठले, आम्ही नाही करणार म्हणाले. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. म्हणजे कितीतरी जणांच्या तोंडी नकार होता, पण शेजारचा उठेपर्यंत तो बाहेर येत नव्हता. बाळ्या, आमच्या समितीत तर शेजारचा उठलाही होता. माझी सही आधी झाली होती हे खरं, पण शाई वाळली नव्हती. 'थांबा, मलाही रजिस्टर बघू द्या,' एवढं म्हटलं असतं तरी दोन विरुद्ध एक आमच्या बाजूनं झालं असतं.

तू म्हणतोस पोरगा हेकट आहे. मला नाही वाटत. हेकट माणसं मी आयुष्यभर बघितली. सोसायटीच्या मीटिंगला पार्किंगवरून टेबल आपटणारे वरिष्ठांपुढे सगळ्यात आधी पेन काढतात. नकार देणारे बहुतेक वेळा वेगळ्याच जातकुळीचे निघतात. आणीबाणीत सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना घे. प्रश्न असा होता, की आणीबाणी चालू असताना तुरुंगात डांबलेल्यानं दाद मागायला कोर्टात यायचं की नाही. नऊ उच्च न्यायालयं म्हणाली होती, येता येईल. सुप्रीम कोर्टात पाच न्यायमूर्ती बसले. आपण मोठमोठी कलमं किसत बसलो असतो. खन्नांनी सरकारी वकिलांना, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना, विचारलं ते एवढंच: एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं, तर काही इलाज आहे का? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर नाही. बघ, सगळा कायदा त्यांनी एका माणसावर आणून ठेवला. पुन्हा तोच बाक.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक. त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. विद्वान माणूस, पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांना मी शिव्या देणार नाही, मला कुठल्या तोंडानं देता येतील? खन्नांनी निकालाआधीच बहिणीला सांगून ठेवलं होतं, या निकालापायी माझं सरन्यायाधीशपद जाणार. गेलंच. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्ती बेग सरन्यायाधीश झाले, खन्नांनी राजीनामा दिला. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं तो जुना बहुमताचा निकाल मोडीत काढला, आणि तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय होते. बापाची सही मुलानं खोडली. आपल्याकडे श्राद्धं पुष्कळ होतात, असं क्वचित.

खूळ कुठून आलं ते मला नेमकं सांगता यायचं नाही. पण तूच मागे लिहिलं होतंस, की साईटवरच्या मजुरांची बिऱ्हाडं त्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहेत, आणि हा दुपारी डबा तिथंच बसून खातो. वहिनींना त्याचा राग होता, डब्याला सिमेंट लागतं म्हणून. तोच स्लॅब त्यांच्या डोक्यावर होता ना? मग आकडे टाकताना त्याला कागद कसा दिसणार?

मला वेगळीच काळजी आहे. त्या दिवशी साईटवर त्याच्या शेजारी दुसरा इंजिनीअर होता का? तो काय म्हणाला? आणि घरी आल्यावर तू काय म्हणालास? पत्रात ते लिहिलेलं नाहीस.

कामाचं सांगतो. त्याला तोंडी सांगितलं की लेखी? व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर एक शब्द पुसू नको म्हणावं. पोअर कार्डांचे, म्हणजे काँक्रीट ओतल्याच्या नोंदींचे, फोटो असतील तर तारखेसकट वेगळे काढून ठेव. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, काढल्याचा ईमेल, सगळं एका फाईलमध्ये. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांच्याशी बोलतो. हप्त्याचं म्हणशील तर तीन महिन्यांचं मी बघू शकतो, आणि यावर वाद घालायचा नाही.

त्या ड्रॉइंगवाल्या गृहस्थाचा नंबर मागच्या दिवाळीत मिळालाय. अजून लावलेला नाही. शनिवारी सकाळच्या एसटीनं मी तुझ्याकडे येतो. पोराला घरीच थांबव, दोघं मिळून फाईल लावू. मग त्याच्यासमोरच तो फोन लावीन म्हणतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना