एचआयव्हीचा खुला माहितीसाठा वर्गात यावा

महोदय,

गोव्यातल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने एचआयव्हीवर प्रकल्प करायचा म्हटले, की ‘आपल्याकडे तशी प्रयोगशाळा कुठे आहे’ असे सांगून त्याला बहुधा विषय बदलायला लावले जाते. जिवंत विषाणू हाताळण्याची सोय नाही, हे खरेच. पण अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेने या विषाणूच्या जनुकक्रमांचा साठा सर्वांना विनामूल्य खुला ठेवला आहे आणि त्यातील ‘कॅटनॅप’ या विभागात कोणत्या प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) कोणता विषाणू किती मात्रेत निष्प्रभ केला, याचे प्रसिद्ध झालेले आकडे त्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाच्या क्रमासह मिळतात.

काणकोणहून रोज बसने येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने यावर काम केले. २जी१२ हे प्रतिपिंड ‘बी’ उपप्रकाराच्या अनेक विषाणूंना रोखते. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारापुढे मात्र ते बहुधा हतबल ठरते. दोन्हींचे क्रम एकाखाली एक लावल्यावर तिला कारण सापडले: या प्रतिपिंडाला पकड मिळण्यासाठी आवरण-प्रथिनाच्या २९५व्या स्थानावरची जी शर्करा-साखळी लागते, ती ‘सी’मध्ये सहसा नसतेच.

आकडे वाचण्याची शिस्त मात्र शिकवावी लागते. तक्त्यात ‘५०हून अधिक’ अशी नोंद असेल, तर दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम या तपासलेल्या सर्वाधिक मात्रेलाही विषाणू बधला नाही, असा तिचा अर्थ होतो. आमच्या एका गटाने ‘अधिक’चे चिन्ह पुसून नुसते ५० सरासरीत धरले आणि मुळीच दाद न देणारे विषाणू थोडीफार दाद देणारे ठरले. चूक सापडेपर्यंत आठवडा गेला, पण तो आठवडा मला मोलाचा वाटतो. व्हीआरसी०१ या प्रतिपिंडाच्या मोठ्या मानवी चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, तेव्हा एकूण संसर्ग लक्षणीय घटला नव्हता. प्रयोगशाळेत दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी मात्रेत ८० टक्के रोखल्या जाणाऱ्या विषाणूंपासून मात्र सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाले होते. दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या विषाणूंमधला हा फरक ज्याला तक्त्यात दिसतो, त्यालाच त्या चाचणीचे मर्म कळते.

म्हणून अभ्यास मंडळाने पदव्युत्तर प्रकल्पांच्या यादीत असे विषय येत्या वर्षापासून आवर्जून घालावेत आणि संख्याशास्त्राच्या शिक्षकांना त्यांचे सहमार्गदर्शक नेमावे, अशी विनंती आहे.

– सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका, मडगाव