माझ्या लेकीचे काम आधी पाहणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

माझी मुलगी येत्या सोमवारी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होत आहे. निवड झाल्याचे कळताच तिने घरी सांगण्याआधी आपल्याला फोन केला, आणि त्याचे मला मनापासून बरे वाटले. समोरासमोर आपण आभार मानू देत नाही, लगेच चहाचा विषय काढता. म्हणून हे पत्र लिहीत आहे आणि मुद्दाम सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपण काय केलेत ते चार लोकांना कळायला हवे.

मुलाखतीच्या तयारीसाठी आपल्याकडे येण्यापूर्वी ती एका क्लासला जात होती. तेथे फी आगाऊ भरून घेतली गेली आणि तिच्या हातात इंग्रजीतला एक छापील परिच्छेद ठेवला गेला, ज्यात प्रत्येकाने आपले नाव आणि गाव भरून बाकीचे जसेच्या तसे पाठ करायचे होते. आयटीआयमध्ये दोन वर्षे फिटर ट्रेड, म्हणजे धातूचे भाग घासून, जुळवून बसवण्याचे काम, शिकलेल्या मुलीला ‘तुला काय काय करता येते’ एवढे विचारावे असे त्या वर्गात एकालाही वाटले नाही. ती अडखळली की सर्वांदेखत खाली बसवत. आमच्या एका नातेवाइकांनी तर ‘फिटर म्हणून मुलीला कोण ठेवून घेणार’ असे तिच्या तोंडावर म्हटले. 18 वर्षांच्या पोरीला स्वतःच्या शिक्षणाची लाज वाटू लागावी, इतके या मंडळींनी केले. ते मी विसरलेले नाही.

आपण मात्र पहिल्या संध्याकाळी बायोडाटा बाजूला ठेवलात आणि विचारलेत, ‘‘तू स्वतः केलेला एखादा जॉब घरी आहे का?’’ जॉब म्हणजे वर्कशॉपमध्ये हाताने घडवलेला नमुना. ती धावत गेली आणि माइल्ड स्टीलचे, एकमेकांत बसणारे, कानशीने घासून केलेले दोन तुकडे रुमालात गुंडाळून घेऊन आली. आपण चष्मा बदललात, दोन्ही तुकडे पुसून एकात एक बसवलेत आणि ट्यूबलाइटसमोर धरून सावकाश फिरवत एकेक बाजू पाहिलीत. मग म्हणालात, ‘‘तीन बाजूंना फटीतून उजेड येत नाही, छान बसले आहे. चौथीला येतो आहे. का येतो, सांग.’’ काका, त्यावर ती बोलू लागली ती थांबेचना. कडेपाशी आल्यावर कानस सपाट न राहता हात कसा वरखाली झाला, त्यामुळे कड कशी गोल झाली, काटकोन तपासायचा गुण्या लावल्यावर ते कसे लक्षात आले, हे सारे तिने न अडखळता सांगितले. इतके सलग बोलताना मी तिला कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. आपण फक्त एवढेच म्हणालात, ‘‘हेच तिथे सांगायचे.’’

पुढच्या संध्याकाळी आपण तिला बरेच काही शिकवलेत, पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते तिचे काम इतक्या गांभीर्याने हातात घेऊन पाहणे. त्यातला दोषही आपण दाखवलात, आणि तो अशा रीतीने दाखवलात की तिचा मान कमी न होता वाढला. व्हर्निअर या मापकाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, 0.02 मिलिमीटर हे सगळेच पाठ सांगतात, पण माप घेण्याआधी जबडे मिटवून शून्य जुळते का हे पाहणारा हात पारखी माणसाच्या लगेच नजरेत भरतो, हे आपले वाक्य तिने वहीत लिहून ठेवले आहे. मुलाखतीत तिला छिद्राचा आतला व्यास मोजणाऱ्या बोअर गेजविषयी विचारले, तेव्हा ‘पाहिला आहे, वापरलेला नाही’ असे तिने सरळ सांगितले. साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न कानसकामावर विचारला.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेली माणसे आपल्या सिडकोत गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या हातांतले ज्ञान कोणत्याही क्लासच्या फीत मिळणारे नाही. आपल्यासारखा सज्जनपणा त्यांच्यातही असणार, याची मला खात्री आहे. आमच्या मुलांनी त्यांच्या दाराशी जायला हवे आणि आम्ही पालकांनी तशी विनंती करायला संकोचू नये. आपण मोबदला तर घेतलाच नाही, शिवाय मुलाखतीच्या दिवशी सकाळी फोन करून ‘कालचे जेवण पोटभर झाले का, झोप लागली का’ एवढेच विचारलेत आणि एकही सूचना दिली नाहीत. त्या सकाळी तिला आणखी एक सूचना झेपली नसती, हे आपण न सांगता ओळखलेत.

आता एक विनंती. तिच्या तुकडीतल्या दोन मैत्रिणींचीही मुलाखत जवळ आली आहे. आपल्या प्रकृतीला झेपत असेल तर त्यांना रविवारी संध्याकाळी घेऊन येऊ का? त्यांनी आपापले जॉब आणायचे, हे त्यांना आधीच सांगून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
एका फिटर मुलीची आई
सिडको, नाशिक