डेस्कटॉपची संकल्पचित्रे आणि आपले आक्षेप

महोदय,

संगणकाच्या डेस्कटॉपची नवी रचना सुचवणारे संकल्पचित्र प्रसिद्ध झाले, की ‘दिसायला सुंदर, कामाला निरुपयोगी’ असा शेरा लगेच मारला जातो. या संशयामागे अनुभव आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘विंडोज ९५’पासून सवयीचे झालेले स्टार्ट बटण २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ने काढून टाकले आणि वापरकर्त्यांच्या नाराजीनंतर वर्षभरातच ते परत आणावे लागले. तरीही लोकांवर लादलेले उत्पादन आणि केवळ विचारासाठी मांडलेला आराखडा यांना एकच माप लावणे मला अन्यायाचे वाटते. २००९ मध्ये डिझायनर क्लेटन मिलर यांनी ‘टेन जीयूआय’ या संकल्पनेत पडद्यावरच्या खिडक्या (विंडो) एकमेकींवर न रचता एका आडव्या ओळीत मांडाव्यात आणि कीबोर्डजवळच्या मोठ्या स्पर्शपट्टीवर दहाही बोटांनी काम करावे, असे सुचवले होते. उभ्या पडद्याला सतत स्पर्श करताना हात अवघडतो, ही खरी अडचण त्यात हेरलेली होती. अशा सूचनेवर आक्षेप घ्यायचाच, तर तो तपशिलाचा असावा: दृष्टिहीन व्यक्तीला ती वापरता येईल का, आणि (हा प्रश्न आपणच विचारायला हवा) मराठी अक्षरांच्या मात्रा व उकार तिच्यातील मजकुराच्या अरुंद जागेत कापले तर जाणार नाहीत ना?

— एक वाचक, सातारा