सायली, तुझे पत्ते हातात धरून पाहिले

कुडाळ

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

मासळीच्या लिलावाच्या त्या खेळासाठी तू काढलेल्या पत्त्यांच्या फाइल्स प्रेसवर उघडल्या, आर्टकार्डवर प्रिंट काढल्या आणि ६३ बाय ८८ मिलिमीटरला कापून घरी आणल्या. रात्री जेवणं उरकल्यावर आई आणि मी खाटेवर पत्ते मांडून बसलो. बांगड्याच्या अंगावरच्या काळसर आडव्या रेघा, पराशेजारचा तो काळा ठिपका, सगळं जिथल्या तिथे. टोपलीवर वाकून मासे निवडणारी म्हातारी तर आईने बाजूलाच काढून ठेवली, परत द्यायला तयार नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की बाबाही प्रकाशकाचीच री ओढतायत.

प्रकाशकाने सांगितलेल्या बदलांबद्दल फोनवर तू म्हणालीस, "ते चित्रातलं चित्रच काढून टाकायला सांगतायत." मला तसं वाटत नाही. पाच पत्ते हातात पंख्यासारखे धरून बघ. प्रत्येकाची डावीकडची बोटभर पट्टी दिसते, बाकीचा पत्ता पुढच्याच्या मागे जातो. तू माशाची किंमत उजव्या कोपऱ्यात टाकली आहेस, तीही पावसाळी ढगांच्या करड्या रंगावर. आईला दर खेपेला पत्ता वर ओढून बघावा लागत होता, आणि ती कुठला पत्ता ओढतेय ते मला समोरून कळत होतं. लिलावाच्या खेळात एवढं कळलं की संपलंच. किंमत डावीकडे वर घे, तिच्यामागची जागा मोकळी ठेव. ढग राहू देत, थोडे खाली सरकव.

खेळाचं चित्र भिंतीवर लागत नाही. ते टेबलावर पडतं, चौघांपैकी एकाला सुलट आणि तिघांना आडवं-उलटं दिसतं, ट्यूबलाइटखाली दिसतं, आणि शंभर वेळा दिसतं. इतक्या अडचणीत ते वाचता आलं पाहिजे. मला हे काम चित्रकलेच्या खालच्या पायरीवरचं कधीच वाटलं नाही.

'कार्कासोन' आठवतो ना, पुठ्ठ्याच्या चौकटी एकमेकींना जुळवत मांडायचा तो खेळ, तू हॉस्टेलवरून आणलेला? २०००मध्ये निघाला, रचना क्लाउस-युर्गेन व्रेडे यांची, चित्रं डोरिस माथ्यूस यांची. त्याच्या ७२ चौकटी परत काढून बघ. रस्ता कुठल्याही चौकटीच्या कडेला मधोमध बाहेर पडतो, सारख्याच रुंदीचा. तटबंदी, कुरण, रस्ता यांत कधी गफलत होत नाही. डायवर, म्हणजे कापायच्या साच्यावर, कटिंग करताना पुठ्ठा केसभर इकडेतिकडे सरकतोच, मी रोज बघतो. तरीही शेजारच्या चौकटीशी रस्ता जुळतो, कारण चित्र काढतानाच त्या बाईंनी त्याला वाव ठेवला आहे. आणि एवढं सांभाळून तिथे घरं आहेत, झाडं आहेत, गाव वसल्यासारखं वाटतं. मला ते काम फार मोठं वाटतं. 'दीक्षित' या पत्त्यांच्या खेळात चित्रकार मारी कार्दुआ यांना याच्या अगदी उलट करावं लागलं. तिथे ८४ पत्त्यांवरच्या प्रत्येक चित्रातून चार माणसांना चार गोष्टी सुचायला हव्यात, एकच अर्थ निघाला तर खेळ मरतो. म्हणून आधी खेळ स्वतः खेळ, दहा वेळा खेळ, मग पेन्सिल उचल.

रंगांचं बोलतो. सुधीरमामा ल्युडोत लाल आणि हिरव्या सोंगट्यांत गोंधळतो, तुला माहीत आहे. असे पुरुष कमी नाहीत. तुझ्या चार होड्या केवळ रंगावरून ओळखायच्या आहेत, तेवढ्यावर सोडू नकोस. प्रत्येकीचं शीड वेगळ्या आकाराचं कर. सावंतवाडीच्या राजवाड्यात आपण गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, पाहिल्या होत्या. दशावतारी संचात दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण १२०. अवतारागणिक चित्रामागचा रंग निराळा, पण त्याच्या भरवशावर कुणी राहिलेलं नाही. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी खूणही आहे. तिथे जाऊन पुन्हा बघ, आता वेगळ्या नजरेने बघशील.

छपाईचं मी सांगायलाच हवं. तुझा तो मोरपंखी निळा स्क्रीनवर चमकतो, फोर कलरमध्ये, म्हणजे चार शाईंच्या छपाईत, तसा उतरणार नाही. आत्ताच सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्याच चार शाईंच्या रंगांत, बघून घे, मागाहून हळहळ नको. वादळाच्या आभाळात चारही शाईंची बेरीज ३०० टक्क्यांच्या वर गेली आहे. ती लवकर सुकत नाही, वरच्या कागदाच्या पाठीवर डाग उठतो. ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ठेव. आणि पत्त्याभोवतीची ती बारीक पांढरी चौकट काढून टाक, अर्धा मिलिमीटर कटिंग हललं तरी एकीकडे जाड नि एकीकडे बारीक दिसते.

आता कराराचं, नीट वाच. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राची पहिली मालकी काम देणाऱ्याकडे जाते, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून वेगळं लिहून घे. हक्क देणार असशील तर किती वर्षांसाठी आणि कुठल्या देशांसाठी ते मांडायला लाव. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. खेळ परदेशात गेला, किंवा तुझी म्हातारी टी-शर्टवर आली, तर त्याचे पैसे वेगळे. या धंद्यात बहुतेक ठिकाणी खेळ रचणाऱ्याला रॉयल्टी मिळते आणि चित्रकाराला एकरकमी, त्यामुळे ती रक्कम ठरवतानाच हे सगळं बोलायचं. पैसे टप्प्याटप्प्याने घे: कच्च्या स्केचला काही, पक्क्या रेषांना काही, उरलेले फाइल्स देताना. फुकटच्या दुरुस्त्या किती, त्याचाही आकडा टाक.

आणि नाव. १९८८मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी-मेळ्यात तेरा खेळकारांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या, की डब्यावर नाव नसेल तर खेळ द्यायचा नाही. ती मागणी खेळ रचणाऱ्यांची होती. चित्रकाराने ती स्वतःसाठी करायला कसलाच संकोच नको. डब्यावर तुझं नाव हवं, नियमपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात नको.

नोकरी सोडायची का, हे तू विचारलंस. या एका कामावर सोडू नकोस. दुसरं काम हातात आलं की सोड, मी आणि आई वर्षभर तुझ्या खोलीचं भाडं बघू. यात उपकार मानायचे नाहीत.

कराराचा मसुदा सही करण्याआधी पाठव. इथे प्रेसवर एक वकील त्यांची लेटरहेडं छापायला येतात, त्यांना दाखवतो. आणि दुरुस्त केलेले पत्ते आले की पुन्हा प्रिंट काढून कळवतो.

तुझे,
बाबा