‘आधी स्कोअर, मग अर्ज’ हा सल्ला ऑप्टोमेट्रीला लागू नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षण पुरवणीत परदेशी शिक्षणाबद्दल वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर येतं, ते मी नेमाने वाचते. अलीकडच्या एका अंकात अमेरिकेत ऑप्टोमेट्री (डोळे तपासून चष्मा देण्याचं शिक्षण) करू पाहणाऱ्या मुलीला ‘प्रवेश परीक्षेचा स्कोअर हातात आल्याशिवाय अर्जाच्या नादी लागू नका’ असं उत्तर दिलेलं दिसलं. सीईटी दिली, पर्सेंटाइल कळलं, मग कॅप राउंडचे पर्याय भरले, या शिस्तीत वाढलेल्या कोणालाही ते पटण्यासारखं आहे. पण अमेरिकेतल्या ऑप्टोमेट्रीच्या प्रवेशात ते पाळलं तर चांगल्या मुलांचंही नुकसान होतं, म्हणून हे पत्र.

मी न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात, पदवीनंतर मेडिकल, डेंटल, ऑप्टोमेट्री वगैरेकडे जाणाऱ्या मुलांना अर्जाच्या कामात मदत करते. आसपासच्या मराठी घरांतले फोन ऑफिसच्या वेळेनंतर येतात, ते वेगळे. मेडिकलबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. निदान तसं वाटतं तरी. ऑप्टोमेट्रीचं तसं नाही. कोणाच्या तरी आतेभावाने काय केलं, तेवढ्यावर घरात बेत ठरतो.

आधी अर्जाचं वेळापत्रक सांगते. बहुतेक कॉलेजांसाठी ‘ऑप्टोमकॅस’ नावाची एकच सामाईक अर्जसेवा आहे. ती जूनअखेरीला किंवा जुलैच्या सुरुवातीला उघडते आणि त्या अर्जावर प्रवेश मिळतो तो पुढच्या वर्षीच्या ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणाऱ्या वर्गात. म्हणजे मध्ये वर्षाहून जास्त काळ आहे. त्यात प्रत्येक कॉलेजची शेवटची तारीख वेगळी. कुणाची हिवाळ्यात, कुणाची थेट वसंत ऋतूत. पालक वेबसाइटवर ती तारीख बघतात आणि निश्चिंत होतात. ‘मार्चपर्यंत आहे की वेळ!’

वेळ आहे, पण जागा राहतीलच असं नाही. इथे सगळे अर्ज गोळा करून एका दिवशी गुणवत्ता यादी लावत नाहीत. अर्ज पूर्ण झाला की तो वाचतात, पसंत पडला तर मुलाखतीला बोलावतात आणि योग्य वाटलं तर जागा देऊन मोकळे होतात. पुढचे अर्ज येत असतानाच हे चालू असतं. पंगती उठत जातात आणि शेवटच्या पंगतीला जे उरलं असेल ते. मुलाखती उन्हाळा संपता संपता सुरू होतात. मार्चमध्ये येणारा अर्ज नियमात बसतो, पण तो उरलेल्या मोजक्या जागांसाठी लढत असतो आणि शिष्यवृत्तीचा बराचसा पैसाही तोवर वाटून झालेला असतो.

आता स्कोअरची वाट बघत बसलं तर काय होतं, ते पाहू. अर्ज पाठवला म्हणजे तो कॉलेजच्या टेबलावर पोचला असं नसतं. मुलगा जिथे जिथे शिकला त्या प्रत्येक कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका ऑप्टोमकॅसकडे थेट जावी लागते. उन्हाळ्यात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स असतो ना, त्याचीही. मुलं हटकून तीच विसरतात. मग अर्जात भरलेला प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट आणि ग्रेड त्या गुणपत्रिकेशी ताडून बघतात. या पडताळणीला काही आठवडे लागतात आणि गर्दीच्या दिवसांत रांग लांबते. शिवाय शिफारसपत्रं आहेत. त्यातलं एक ऑप्टोमेट्रिस्टचं असावं असा बऱ्याच ठिकाणी आग्रह असतो, आणि ते मिळवायचं तर आधी त्यांच्या दवाखान्यात बसून काम बघावं लागतं. प्राध्यापक मे महिन्यात सुट्टीवर गेले की ईमेलला उत्तर ऑगस्टमध्ये. यातलं काहीही परीक्षेच्या निकालावर अडलेलं नाही. मग ते निकालासाठी अडवून का ठेवायचं?

परीक्षा झालेली नसली तरी अर्ज पाठवता येतो आणि परीक्षेची ठरलेली तारीख अर्जात लिहिता येते. निर्णय मात्र स्कोअर आल्याशिवाय सहसा होत नाही. काही ठिकाणी मुलाखतीचं बोलावणंही त्यावर थांबतं. पण गुणपत्रिका पडताळून झाल्या आहेत, पत्रं पोचली आहेत आणि फक्त स्कोअर यायचा आहे, अशी फाइल स्कोअर येताच पुढे सरकते. ज्याने स्कोअर बघून मग फॉर्म उघडला, त्याचा तोच महिना-दीड महिना पडताळणीत जातो.

एवढं सांगितलं की पालक दुसऱ्या टोकाला जातात. परवाच एका आईचा फोन आला. “ताई, फॉर्म उघडायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा उरकून टाकू का?” उरकून टाकू! मुलगा तिसऱ्या वर्षाला. मी त्याला फोनवर घ्यायला सांगितलं आणि विचारलं, फिजिक्स कुठवर आलंय?

“फिजिक्स वन आत्ता संपेल, मावशी. टू फॉलमध्ये आहे.”

“मग लेन्स, आरसे?”

थोडं थांबून म्हणाला, “ते टूमध्ये आहेत.”

म्हणजे हा मुलगा डोळ्यांच्या कॉलेजची परीक्षा भिंगाचा धडा न शिकताच द्यायला निघाला होता.

या परीक्षेचं नाव ऑप्टोमेट्री अॅडमिशन टेस्ट, ओएटी. ऑप्टोमेट्री कॉलेजांच्या संघटनेची ही परीक्षा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांवर संगणकावर होते. सीईटीसारखी ठराविक हंगामात नव्हे, वर्षभर होते, आणि सगळा घोळ इथेच आहे. तारीख आपण निवडायची असते आणि आपल्याकडच्या मुलांना स्वतःच्या परीक्षेची तारीख निवडायची सवयच नसते. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र आणि सेंद्रिय रसायनशास्त्र मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. फिजिक्सचे 40 प्रश्न, 50 मिनिटं. याशिवाय उतारावाचन आणि गणित. फिजिक्सला एका प्रश्नाला सव्वा मिनिट मिळतं. तेवढ्यात बहिर्गोल भिंगाची प्रतिमा कुठे पडेल हे काढायचं, तर सूत्र आठवत बसायला सवड नाही, हात चालला पाहिजे. डेंटलच्या परीक्षेत फिजिक्स नसतं, म्हणून डेंटलला गेलेल्या चुलत बहिणीचं वेळापत्रक उचलून इथे चालत नाही. ऑप्टोमेट्रीच्या मुलाची तारीख फिजिक्सचा दुसरा भाग कधी संपतो यावरून ठरते. सेंद्रिय रसायन बहुतेकांचं दुसऱ्या वर्षीच आटोपलेलं असतं, त्याची फक्त उजळणी लागते.

गुण 200 ते 400 या मापात मिळतात आणि 300 ही साधारण मधली रेघ. विषयवार गुण वेगळे दिसतात, त्यामुळे जीवशास्त्राच्या जोरावर फिजिक्स झाकता येत नाही. पुन्हा द्यायची तर मध्ये निदान दोन महिन्यांचं अंतर पडतं आणि आधीचा प्रयत्न कॉलेजला दिसतो. म्हणून ‘एकदा देऊन तर बघू’ हा आपला लाडका विचार मला इथे अजिबात पसंत नाही. अंदाज घ्यायचा तर घरी घड्याळ लावून सराव परीक्षा द्यावी.

त्या मुलाला मी सांगितलं ते असं. फॉर्म जुलैत पाठव, परीक्षेची तारीख ऑगस्टच्या शेवटी घे आणि मधल्या उन्हाळ्यात प्रकाश आणि विद्युत हे दोन भाग स्वतः बसून कर. फॉलचं, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या सत्राचं फिजिक्स ‘पुढे करणार आहे’ म्हणून अर्जात दाखवता येतं. असे राहिलेले विषय कॉलेज सुरू होण्याआधी पूर्ण करायचे असतात, अर्जाआधी नव्हे. स्कोअर सप्टेंबरमध्ये पोचेल, तोवर बाकीची फाइल तयार. पहिल्या पंगतीत नाही, पण दुसऱ्या पंगतीत नक्की. गुण कमी पडलेच, तर नोव्हेंबरमध्ये पुन्हा देऊन त्याच वर्षात टिकता येतं. आईला तरी जूनचीच तारीख हवी होती. जूनमध्ये कमी गुण घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होण्यापेक्षा सप्टेंबरात नीट गुण घेऊन जाणं केव्हाही चांगलं, हे तिला पटवायला मला फिजिक्स शिकवण्याइतकाच वेळ लागला.

ज्यांचं फिजिक्स तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच संपतं, त्यांना मी जानेवारी सुचवते, आणि ही तारीख फारसं कुणी मनावर घेत नाही याचं मला नवल वाटतं. हिवाळ्याच्या सुट्टीत अभ्यासाला सलग दिवस मिळतात, केंद्रावर उन्हाळ्याची गर्दी नसते आणि गुण मनासारखे आले नाहीत तरी फॉर्म उघडण्याआधी पुन्हा द्यायला जागा राहते. स्कोअर किती वर्षं चालतो हे कॉलेजगणिक वेगळं असलं, तरी मागच्या जानेवारीचा म्हणून सहसा कोणी नाकारत नाही.

आणखी एक गैरसमज. परीक्षा संपली की केंद्रावरच गुण कळतात, पण ते अनधिकृत. अधिकृत गुण कॉलेजला पोचायला तीन-चार आठवडे धरावेत. शेवटच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात परीक्षा ठेवून ‘बसलं की नाही मुदतीत’ म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

नावाचंही सांगते, कारण हे आपल्याच लोकांच्या बाबतीत जास्त होतं. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव आणि केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचं एकच अक्षर उरतं आणि कॉलेजच्या नोंदीत तेही नसतं. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. कोणतं ओळखपत्र नेणार ते आधी ठरवा आणि त्यावर आहे तसंच नाव नोंदवा. नाहीतर अभ्यास, तारीख, फी सगळं जागेवर आणि मुलगी दारातून परत.

काही कॉलेजं ओएटीऐवजी जीआरई (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीची सर्वसाधारण प्रवेश परीक्षा) किंवा मेडिकल-डेंटलच्या परीक्षेचे गुणही घेतात. सोय चांगली आहे, पण यादीतल्या एका जरी कॉलेजला ओएटीच हवी असेल, तरी ती द्यावीच लागते. तेव्हा आधी कॉलेजांची यादी पक्की करा आणि मग परीक्षा ठरवा. फिजिक्स चुकवायला म्हणून जीआरई घेणाऱ्याला एवढंच सांगेन की ऑप्टोमेट्रीच्या पहिल्याच वर्षी प्रकाशशास्त्र समोर उभं राहतं.

महाराष्ट्रात बी. ऑप्टोम. करून इकडे येऊ पाहणाऱ्यांचा रस्ता थोडा निराळा आहे. न्यू इंग्लंड कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्रीसारख्या ठिकाणी परदेशात शिकून आलेल्यांसाठी कमी मुदतीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, त्याच्या अटी वेगळ्या. नेहमीच्या चार वर्षांच्या ओडीला (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री या पदवीला) यायचं तर भारतातल्या गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन मान्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मिळवायला किती हेलपाटे पडतात, हे तुमच्या वाचकांना मी सांगायला नको. त्या मुलांनी ओएटीच्या पुस्तकाआधी या मूल्यांकनाचा अर्ज करावा.

संपादक महोदय, पुरवणीत अभ्यासक्रमांचा तक्ता छापता त्यात ‘शेवटची तारीख’ असा रकाना असतो. ऑप्टोमेट्रीपुरता तरी त्याच्या आधी ‘अर्ज कधी उघडतो’ आणि ‘स्कोअर पोचायला किती दिवस’ असे दोन रकाने घालता आले तर बघा. आणि त्या मुलीला, जमल्यास, पुढच्या अंकात कळवा की फॉर्म आत्ताच भरायला घे.

आपली नियमित वाचक,
न्यू जर्सी
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)