सापडलेलं नाणं चिंचेने घासू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं जुनं दुकान आहे. गिऱ्हाईक नवं भांडं नेताना जुनं मोडीत घालतं आणि त्या मोडीच्या पोत्यात अधूनमधून नाणी निघतात. व्हिक्टोरियाचा पाव आणा, 1943 सालचा भोकाचा पैसा, कुठल्याशा कॅन्टीनचा चहाचा बिल्ला, आणि नशिबात असेल तर शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. ती भट्टीत जाऊ नयेत म्हणून वडिलांच्या वेळेपासून आम्ही बाजूला काढून ठेवतो. त्यामुळे ओळखीचे लोक सापडलेली नाणी दाखवायला दुकानात येतात.

हल्ली येणारी नाणी पाहून जीव हळहळतो. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कोणी चिंच-मीठ लावतं, कोणी लिंबू, कोणी तर संडास धुवायचं ॲसिड. नाणं समोर येतं ते गुलाबी, सोललेलं, अक्षरं अर्धी विरलेली. तांबं घासून लख्ख करणं हा आमचा पिढीजात धंदा, म्हणूनच हक्काने सांगतो: भांड्याला जाडी असते, ते दर दिवाळीला घासलं तरी चालतं. शिवराईवरचं अक्षर नखाइतकंही उंच नसतं. तिच्यावरचा काळपट-हिरवा घट्ट थर हा मळ नाही. तांब्याने स्वतःवर धरलेलं ते कवच आहे आणि अक्षराचा बारीक आकार त्या कवचातच टिकलेला असतो. चिंचेबरोबर तो थर जातो. वर मिठाचा अंश धातूच्या छिद्रांत राहतो आणि पावसाळी हवेत नाण्याला फिकट हिरवी भुकटी सुटायला लागते. ती भुकटी नाणं आतून खाते.

शिवराई ओळखायची कशी, असं मुलं विचारतात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची कड. महाराजांच्या नंतरही शिवराई कितीतरी टांकसाळींतून पडत राहिली, पेशवाईच्या अखेरीस तर दोन आडव्या दांड्यांची दुदांडी शिवराई आली. कुठे ‘शिव’ आहे, कुठे ‘सिव’, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, ठिपका कुठे, यावरून जाणकार नाण्याचा प्रकार लावतात. घासताना सगळ्यात आधी जाते ती वेलांटीच. याउलट माती भरलेलं नाणं वाचायला सोपं. अंधाऱ्या खोलीत ते सपाट ठेवा, बॅटरीचा उजेड कडेने अगदी आडवा पाडा आणि नाणं हळूहळू फिरवा. एरवी न दिसणारं ‘छत्र’ सावलीने उठून येतं. मी भिंगातून हे दाखवतो तेव्हा शाळकरी पोरं श्वास रोखून बघतात.

माती फारच असेल तर गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी घ्या, नाणं त्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला. मऊ झालेली माती बांबूच्या काडीने सोडवा. टाचणी, सुरी, तारेची घासणी नको. नंतर पुसू नका, टिपून कोरडं करा. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यानेही तांबं हिरवं पडतं. साधं कागदी पाकीट पुरे, आणि त्यावर लिहा कुठे सापडलं, केव्हा, कोणत्या नाण्यांबरोबर. मडक्यात एकत्र सापडली असतील तर मात्र पाणीसुद्धा लावू नका आणि मडक्याची खापरं फेकू नका.

आपल्या जिल्ह्यात तरी हे सांगावं लागू नये. 1906 साली जोगळटेंभीला क्षत्रप नहपान या शक राजाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. सातवाहनांच्या चिन्हाखालून नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावतात. गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निर्मूल केला, असं त्याच्या आईने पांडवलेण्यात कोरून ठेवलं आहे, त्याला साक्ष मिळाली ती या दुहेरी छापाची. ती नाणी कोणी राख-चिंचेने उजळली असती तर खालचा पुसट चेहरा उरला असता का?

लोक घाईने घासतात किंवा गुपचूप वितळवतात त्यामागे भीतीही आहे, ‘सरकार घेऊन जाईल’ ही. 1878 चा निखात निधी कायदा वाचला तर ती बरीच कमी होईल. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ठिकाण आणि तारीख त्यात द्यायची. मालक कोणी नाही असं ठरलं आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, उरलेलं जागेच्या मालकाला. सरकारने ठेवून घेतलं तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मिळतो. ही भरपाई आजच्या काळात तोकडी आहे आणि ती वाढवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही लोकांना माहीत असावं.

एक सावधगिरी. राम-सीता किंवा हनुमान आणि मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असं लिहिलेलं ‘नाणं’ लाखोंना विकायला कोणी आलं तर पैसे देऊ नका. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ते देवळाबाहेर मिळणारे बिल्ले आहेत आणि ‘तांदूळ ओढणारं’, म्हणजे चमत्कारी शक्तीचं नाणं, म्हणून त्यांवर फसवणूक चालते.

2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदाकाठी खोदाई होणार, गाळ निघणार. रामकुंडात पोरं दोरीला लोहचुंबक बांधून सोडतात, त्याला आजची स्टीलची नाणी चिकटतात. तांब्याची शिवराई गाळातच राहते आणि ट्रकमधून निघून जाते. महापालिकेने प्रत्येक ठेकेदाराच्या करारात दोन ओळी घालाव्यात: गाळ कुठून काढला आणि कुठे टाकला याची रोजची नोंद, आणि तो टाकण्याआधी जाणकाराच्या नजरेखालून घालणं. जाणकार शोधायला लांब जायला नको, त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. निविदा निघण्याआधीच हे व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक भांडी विक्रेता, नाशिक