जुन्या टेलिहँडलरच्या तपासणी अहवालाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय, पुणे.

विषय: देवास नाका, इंदूर येथील आपल्या यार्डातून घेतलेला जुना टेलिहँडलर (लांबणाऱ्या बूमने, म्हणजे पुढे-वर सरकणाऱ्या लोखंडी हाताने, ओझे उचलणारी मशीन) व त्यासोबतचा प्रमाणित तपासणी अहवाल.

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या इंदूर शाखेशी हिंदीतून बरेच लिहून-बोलून झाले. तिथून दर वेळी "पुण्याला कळवलंय" एवढ्यावर बोळवण होते, म्हणून आता थेट पुण्याला आणि मराठीतून लिहीत आहे.

आमची शेती सांवेर तहसिलीत आहे. गहू, सोयाबीन, बटाटा. मशीन कशासाठी हवी ते यार्डात स्पष्ट सांगितले होते आणि आपल्या माणसाने ते कोटेशनवर लिहूनही दिले आहे: टनाच्या जंबो बॅगा ट्रकमध्ये भरणे, काडाच्या गाठी शेडमध्ये रचणे. यार्डात दोन मशीन उभ्या होत्या. एक बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधून आलेली, मीटरवर चालल्याचे पाच हजारांच्या वर तास, रंग उडालेला, पण केबिनमध्ये लोड चार्ट (किती वजन कुठवर उचलावे याचा तक्ता) जागच्या जागी आणि पिनांवर ताजे ग्रीस. दुसरी नव्या पिवळ्या रंगात चकचकीत, मीटरवर २,१४० तास. माझा कल पहिलीकडे होता. आपला सेल्समन "काका, म्हातारी गाडी कशाला गळ्यात बांधून घेता, ही एका शेतकऱ्याची एकहाती मशीन आहे" म्हणत दुसरीकडे घेऊन गेला. केवळ बोलण्यावर मी गेलो नाही, लेखी मागितले. तपासणीचे वेगळे पैसे घेऊन तुम्ही अहवाल दिलात. त्यात "शेतीवापर, एक मालक, बूम उत्तम, सुरक्षा यंत्रणा चालू" असे छापलेले आहे आणि खाली सही-शिक्का आहे.

आता एकेक शब्द पाहू.

शेतीवापर. बूम पूर्ण बाहेर काढून आतल्या टप्प्याच्या मागच्या अंगाला टॉर्च मारला तर तिथे सिमेंटचा कडक थर बसलेला आहे. छिन्नीने खरवडून काढलेले तुकडे मी पिशवीत ठेवले आहेत. गव्हाच्या शेतात सिमेंट उगवत नाही. ही मशीन इमारतीच्या साइटवर विटा आणि मसाला चढवत होती, आणि त्या कचऱ्याने बूमच्या दोन टप्प्यांमधले वेअर पॅड (घर्षण झेलणाऱ्या पट्ट्या) खाल्ले आहेत. बूम लांबवून फाळ (ओझ्याखाली घालायचे पुढचे लोखंडी काटे) हाताने आडवे हलवले तरी टोक खडखडते. "बूम उत्तम" याचा अर्थ तुमच्याकडे काय होतो?

तास. बॉनेटच्या आत, एअर फिल्टरच्या डब्यावर, जुन्या वर्कशॉपचा ऑइल बदलल्याचा स्टिकर आहे. रंगवणाऱ्याचा हात तिथवर पोहोचला नाही. त्यावर पेनाने लिहिले आहे: ४,८६० तास. जे मीटर आज दाखवते त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तोही त्या वेळचा आकडा. ब्रेक पेडलचे रबर झिजून खालचे लोखंड चकाकते आहे, ते २,१४० तासांत होत नाही.

फाळ. जुन्या फाळांची जाडी टाचेपाशी, म्हणजे उभा भाग वळून आडवा होतो तिथे, मोजायची असते. उभा भाग झिजत नाही, म्हणून मूळ माप तिथे मिळते. माझ्या फाळांचा उभा भाग व्हर्नियरने ५० मिलिमीटर भरतो आणि टाच ४३. झीज दहा टक्क्यांवर गेली की फाळ बाद करायचा, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे ४५ च्या खाली तो वापरायचाच नाही. व्हर्नियर काही शे रुपयांत मिळतो. आपल्या तपासनिसाकडे नसेल तर मी पाठवून देतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि या एकाच गोष्टीसाठीही मी हे पत्र लिहिले असते.

"तीन टनांची मशीन" म्हणजे बूम आत ओढलेला असताना तीन टन. बूम जसजसा पुढे जातो तसतसे ओझे पुढच्या एक्सलपासून लांब जाते आणि मागची चाके हलकी होतात. म्हणूनच केबिनमध्ये लोड चार्ट असतो, किती लांबवर, किती उंचीवर, किती वजन. तोही सपाट आणि टणक जमिनीपुरता. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत थोडी ओल असली की तो आकडाही सैल धरावा लागतो. ट्रक एका बाजूने भरायचा तर बॅग फाळक्यावरून नेऊन हौद्याच्या पार पलीकडच्या कडेला ठेवावी लागते, म्हणजे बूम लांबवावाच लागतो. तुमच्या मशीनमध्ये लोड चार्ट नाही. "मागवून देतो" असे सांगितले होते, तो आजतागायत आलेला नाही.

त्यावरचा दुसरा पहारा म्हणजे मागच्या एक्सलवरचा भार ओळखणारा सेन्सर. मशीन पुढे झुकू लागली की हिरवा दिवा जाऊन पिवळा, मग लाल लागतो आणि भोंगा वाजतो. माझा पुतण्या जंबो बॅग हौद्यात ठेवत असताना मागचे चाक जमिनीवरून सुटलेले मी बाजूला उभा राहून पाहिले. केबिनमध्ये दिवा हिरवाच! त्याने बूम खाली सोडला असता तर ओझे आणखी पुढे गेले असते. त्याने तो आधी आत ओढला, म्हणून निभावले. हमाल हौद्यातच उभा होता.

नंतर इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखालचे पॅनेल उघडले. सेन्सरच्या कनेक्टरमधून तांब्याची वायर फिरवून दोन टोके जोडलेली होती, वर काळी इन्सुलेशन टेप. सेन्सर काहीही म्हणो, दिवा कायम हिरवा. हे काम आधीच्या मालकाचे असेल, मी तुमच्यावर तसा आरोप करत नाही. पण "सुरक्षा यंत्रणा चालू" या ओळीवर सही तुमच्या माणसाची आहे.

बेल ग्रॅबसाठी (गाठी पकडणाऱ्या पंजासाठी) तिसरी हायड्रॉलिक लाइन बिलात धरली आहे. बूमच्या टोकाला कपलिंग आहेत, पण मागे पाइप व्हॉल्व्हला जोडलेलाच नाही. कागदांचेही तेच: मशीन गुजरात पासिंगची, तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत) नाही, फायनान्सवाल्याचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ नाही. या दोन्हींशिवाय ती माझ्या नावावर होणार कशी?

शाखेचे म्हणणे की जुनी मशीन "जशी आहे तशी" विकली. मग तपासणीचे पैसे कशाचे घेतले? जशी आहे तशी विकायची तर अहवाल द्यायचा नाही, आणि अहवाल दिला तर त्यातल्या शब्दाला बांधील राहायचे.

माझी मागणी अशी. मशीन परत घ्या आणि वाहतुकीसह पूर्ण रक्कम द्या. कोल्ड स्टोरेजवाली मशीन अजून यार्डात असेल तर ती घ्यायला मी तयार आहे, मात्र माझा मेकॅनिक आधी ती बघेल आणि किमतीतला फरक लेखी ठरेल. आहे तीच मशीन दुरुस्त करून देण्याचा प्रस्ताव पाठवू नये. जिच्या तासांचा भरवसा नाही तिच्यावर मी घरच्या पोराला बसवणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर यावे. बिलाच्या तळाशी "वाद फक्त पुणे न्यायालयात" असे छापले आहे, परंतु ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. बिलाची रक्कम ५० लाखांच्या आत आहे आणि मशीन घरच्याच शेतीवर, घरच्याच माणसाच्या हातात चालते, तेव्हा इंदूरचा आयोग मला पुरेसा आहे.

स्टिकरचे, कनेक्टरचे आणि बूमच्या आतले फोटो सोबत जोडले आहेत. मशीन शेडमध्ये उभी आहे, बॅटरीची वायर काढून ठेवली आहे. पाहायला माणूस पाठवाल तो मेकॅनिक असावा, सेल्समन नको. येण्याआधी फोन करावा, गव्हाच्या तोलाईच्या दिवसांत मी मंडीत असतो.

आपला,
(सही)
बिलावरील खरेदीदार
सांवेर, जि. इंदूर